वर्गणीची पावती आणि सभासदत्वाची शिडी

मंडळाच्या वार्षिक सभेत दरसाल एक प्रश्न हटकून निघतो. एखादी भगिनी वर्गणीची पावती हातात धरून विचारते, “मी इथे पैसे भरते, म्हणजे मी नक्की कोणाची सभासद? अहेरीच्या मंडळाची, जिल्ह्याच्या संघाची, की दिल्लीच्या संस्थेची?” प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या देशातील मोठमोठ्या संस्थांना तो सोडविण्यास कित्येक वर्षे लागली आहेत. स्मरणिकेच्या निमित्ताने ती हकीकत वाचकभगिनींपुढे थोडक्यात ठेवावी, असे वाटले.

अखिल भारतीय स्वरूपाची स्त्रियांची संस्था काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९१० साली अलाहाबादेस झाला. सरलादेवी चौधुराणी यांनी ‘भारत स्त्री महामंडळ’ स्थापिले. लाहोर, अलाहाबाद, कलकत्ता अशा शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. हेतू थोर होता. पण आधी कळस आणि मग पाया, असा हा क्रम होता. वरची संस्था प्रथम जन्मली आणि तिने खाली शाखा शोधल्या. त्यामुळे चालकांचा उत्साह होता तोवर शाखा चालल्या आणि पुढे मंदावल्या.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर आपल्या नागपुरास मिळाले. डिसेंबर १९२० मध्ये विजयराघवाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. असहकाराचा ठराव सर्वांच्या स्मरणात राहिला. पण त्याच अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. तोपर्यंत काँग्रेसला नेमके सभासद असे नव्हतेच म्हणावयास हरकत नाही. ठिकठिकाणी सभा भरत, प्रतिनिधी निवडले जात आणि ते अधिवेशनास जात. नव्या घटनेने चार आणे वर्गणी ठरविली आणि गाव, तालुका, जिल्हा, प्रांत आणि अखिल भारतीय समिती अशी शिडी बांधली. गावच्या समितीत ज्याचे नाव लागले, तो त्याच क्षणी अवघ्या काँग्रेसचा सभासद झाला. दोन पावत्या नाहीत, दोन नावनोंदण्या नाहीत. प्रांतही भाषेप्रमाणे पाडले. त्यामुळे सरकारदरबारी एकाच मोठ्या प्रांतात असलेल्या नागपूरचा, वऱ्हाडचा आणि जबलपूरकडील हिंदी मुलखाचा काँग्रेसच्या नकाशावर वेगवेगळा प्रांत झाला.

पण शिडी बांधली म्हणजे काम संपत नाही. १९२४ साली बेळगावच्या अधिवेशनात महात्माजी अध्यक्ष होते. तेथे असे ठरले की, सभासदाने चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यावे. कल्पना उदात्त होती. चरखा घरोघरी जावा, ही त्यामागची तळमळ होती. तथापि, ज्या गावी कापूस नाही, चरखा दुरुस्त करणारा नाही, सूत गोळा करून पाठविण्याची सोय नाही, तेथील माणसाने काय करावे? सभासदांची संख्या रोडावली आणि वर्ष संपण्यापूर्वीच, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत, चार आणे किंवा सूत अशी मोकळीक द्यावी लागली. वरच्या संस्थेने घातलेली अट खालच्या सभासदाच्या घरी पेलली पाहिजे, हा त्यातील धडा होय.

स्त्रियांच्या चळवळीने हा धडा लवकर ओळखला. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास, फर्ग्युसन कॉलेजात भरली. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या. मार्गारेट कझिन्स यांनी त्यासाठी आदल्या वर्षी हाक दिली होती. पण त्यांनी एकदम अखिल भारतीय सभा बोलावली नाही. आधी ठिकठिकाणी स्थानिक परिषदा भरविल्या, मुलींच्या शिक्षणाविषयी तेथे काय वाटते ते ठरावांत उतरविले, प्रतिनिधी निवडले, आणि ते ठराव घेऊन त्या भगिनी पुण्यास आल्या. पाया आधी आणि कळस मागाहून! ती संस्था आजतागायत चालू आहे, याचे एक कारण हेही असावे.

मात्र कागदावर शिडी नीट असूनही सभासदत्व अपुरे राहू शकते. डिसेंबर १९३७ मध्ये याच महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. राजकुमारी अमृत कौर अध्यक्ष होत्या. नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी शाळा चालविणाऱ्या जाईबाई चौधरी त्या अधिवेशनास गेल्या होत्या. जेवणाच्या वेळी त्यांना इतरांपासून निराळे बसविण्यात आले. सभेत बहीण आणि पंगतीत परकी! नागपूरच्या दलित भगिनींनी १ जानेवारी १९३८ रोजी सभा भरवून त्याचा निषेध केला. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच त्यांनी आपली स्वतंत्र अखिल भारतीय महिला परिषद भरविली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हा प्रसंग कडू आहे, पण स्मरणिकेत गोडच तेवढे लिहावयाचे असा नियम नाही. पावती सारखी असून पाट सारखा नसेल, तर त्या पावतीचा उपयोग काय?

आता व्यवसायाच्या संघटनांकडे वळू, कारण आपल्या मंडळातही परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत. परिचारिकांची अखिल भारतीय संघटना १९०८ पासूनची. तिच्यात सभासदत्व मध्यवर्ती संस्थेचे असते आणि शाखा राज्याची. परिचारिकेची बदली नित्याची. तेव्हा शाखा बदलली तरी सभासदत्व तुटू नये, हे तिच्या सोयीचेच आहे. डॉक्टरांची इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ साली कलकत्त्यास स्थापन झाली. तिची रीत उलटी. डॉक्टर आपल्या गावच्या शाखेत नाव घालतो, तेथेच वर्गणी भरतो. त्या वर्गणीचा वाटा राज्यशाखेस व मुख्य कचेरीस जातो आणि एकाच नोंदणीने तो तिन्ही ठिकाणचा सभासद होतो. प्रसूतिशास्त्राच्या डॉक्टरांची गोष्ट आणखी निराळी. मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे त्यांच्या स्वतंत्र सोसायट्या आधीच होत्या. १९५० साली मद्रासेस त्यांनी महासंघ केला. कोणीही आपली सोसायटी मोडली नाही; सोसायटीचा सभासद तोच महासंघाचा सभासद, असे ठरले. १९६१ साली निघालेले मराठी साहित्य महामंडळ याच जातीचे. विदर्भ साहित्य संघासारख्या जुन्या घटकसंस्था कायम राहिल्या आणि त्यांच्यावर महामंडळ उभे राहिले.

म्हणजे वाटा तीन झाल्या. वरून खाली येणारी, खालून वर जाणारी, आणि स्वतंत्र संस्थांनी हात गुंफण्याची. यांपैकी कोणती चांगली, हे गाव पाहून ठरवावे लागते.

आपल्या अहेरीचेच पाहा. प्राणहितेच्या काठचे हे गाव जागचे हलले नाही, पण त्याच्या वरची पायरी किती वेळा हलली! जमीनदारी १९५१ साली गेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. पुढे मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा निराळा निघाला. प्रत्येक वेळी संस्थांना प्रश्न पडतो: कागद कोणत्या कचेरीत पाठवावयाचे, प्रतिनिधी कोणत्या बैठकीस धाडावयाचा? ज्यांची गावातील नोंद पक्की, त्यांचे अडत नाही. ज्यांचे सारे अस्तित्व वरच्या यादीतील एका ओळीत असते, ते अशा उलथापालथीत हरवून जातात. शिवाय येथे मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया बोलणाऱ्या भगिनी एकत्र नांदतात. वरून आलेले इंग्रजी-हिंदी परिपत्रक त्यांच्यापैकी कितीजणींपर्यंत पोचते, हेही पाहावयास नको का?

आज बचतगटांनी हीच शिडी पुन्हा बांधली आहे. दहा-वीस बायांचा गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. गटात बचत करणारी बाई ग्रामसंघात आपली प्रतिनिधी धाडते. १९२० साली नागपुरास जे मोठमोठ्या पुढाऱ्यांनी मंडपात ठरविले, ते आज आपल्या गावची बाई ओसरीवर बसून चालविते, ही अभिमानाची गोष्ट होय.

या साऱ्या इतिहासावरून आपल्या मंडळासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सभासदांची वही एकच असावी आणि ती गावात असावी. पावतीवर लिहावे की, वर्गणीपैकी किती मंडळास राहिले आणि किती वर गेले. लग्न होऊन वा बदली होऊन कोणी भगिनी अन्य गावी गेली, तर तेथील मंडळाच्या नावे चिठ्ठी द्यावी, म्हणजे तिला पुन्हा नवखी व्हावे लागणार नाही. आणि वरच्या बैठकीस जी जाईल, तिने परत येऊन सभेत सर्वांना समजेल अशा भाषेत हकीकत सांगावी. केवळ प्रवासखर्चाची पावती जोडून मोकळे होऊ नये.

इतके झाले, तर पुढच्या वार्षिक सभेत तो प्रश्न निघाला असता आपण निःशंक सांगू शकू: बाई, तू प्रथम अहेरीची सभासद, आणि अहेरीची आहेस म्हणूनच जिल्ह्याची आणि देशाचीही आहेस.