नफा कशावर मोजावा?

आपल्या नोकरीपेशा घराण्यांतून ‘नफा’ हा शब्द आजही किंचित संकोचाने उच्चारला जातो. वस्तुतः न्याय्य नफ्याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. प्रा. र. पं. कंगले यांनी संपादिलेले कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन भागांत प्रसिद्ध केले. त्यातील चौथ्या अधिकरणाचा दुसरा अध्याय या दृष्टीने वाचनीय आहे. मान्य खरेदी किमतीवर स्वदेशी मालास शेकडा ५ व परदेशी मालास शेकडा १० नफा कौटिल्य ठरवून देतो. त्यापुढे शेकडा ५ पण जादा घेणाऱ्यास २०० पण दंड सांगतो. दूरदेशीच्या मालाची किंमत बांधताना भांडवल, शुल्क, व्याज, भाडे व इतर खर्च हिशेबात धरावेत, असेही तो बजावतो.

येथे टक्केवारी खरेदीवर आहे, हे ध्यानात घ्यावे. १०० रुपयांच्या मालावर शेकडा २५ चढविल्यास विक्री १२५ रुपयांस होते. परंतु विक्रीच्या मानाने नफा शेकडा २० च भरतो. तेव्हा सणासुदीस शेकडा २० सूट देणाऱ्याच्या पदरी शून्य उरते, आणि भाडे-व्याज धरलेच नसेल तर तोटा. आनंद नगरात दुकान मांडू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी पाटी लावण्यापूर्वी एवढा हिशेब अवश्य करावा.