वकीलबाईंचा पगार आणि आठ आणे

एक साधा प्रश्न आहे. एक वकीलबाई बाळंतपणाची सहा महिने रजा घेतात. परत कामावर येतात. मधल्या काळात ऑफिसमधल्या सगळ्यांचे आकडे वाढलेले असतात, यांचा मात्र आहे तिथेच. वरिष्ठ म्हणतात, "वर्षातले सहा महिने तुम्ही नव्हतात, मग वाढ कशाची?" हे न्याय्य आहे का?

आमच्या क्षेत्रातल्या बहुतेकांचं पहिलं उत्तर मला माहीत आहे. अप्रेझल सायकलमध्ये अर्धा वेळ माणूस नव्हता, रेटिंग कशाच्या जोरावर द्यायचं? ऐकायला ठीक वाटतं. माझ्या चुलत बहिणीच्या बाबतीत हे घडलं (पुण्यातल्या एका लॉ फर्ममध्ये, नाव राहू दे), तेव्हा घरातल्या अर्ध्या पुरुषांनी हेच म्हटलं. मला ते पटलं नाही, पण का पटत नाही हे धड सांगता येईना. म्हणून तीन-चार शनिवार-रविवार या विषयाचा इतिहास खणत बसलो. जे सापडलं ते बरंच मजेदार आहे, आणि बरंचसं आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.

सुरुवात नाशिकपासून करू. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म तिथला, 1866 चा. पुण्याचं डेक्कन कॉलेज, मग ऑक्सफर्ड. 1892 साली तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला 1922 उजाडलं, कारण 1920 पर्यंत विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचं एलएलबी झालं, तरी कोर्टात उभं राहायची परवानगी नाही. शेवटी 1923 साली बायकांनी वकिली करण्यातली अडचण दूर करणारा कायदा झाला. त्याच वर्षी मिठन टाटा (पुढे लाम) लंडनला बॅरिस्टर झाल्या, आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई त्याच. योगायोग बघा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही मुंबईत वकिली सुरू केली ती 1923 मध्येच.

आता पाच वर्षं पुढे या. 28 जुलै 1928. मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाच्या काळात पैसे देण्याच्या विधेयकावर चर्चा चालली होती. हा विषय आकाशातून पडलेला नव्हता. 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणानंतर सहा आठवडे सक्तीची विश्रांती आणि आधी सहा आठवडे रजेचा हक्क असा ठराव केला होता. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे आपले ना. म. जोशी होते. त्यांनी 1924 साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात असंच विधेयक आणलं, ते हाणून पाडलं गेलं. मुंबई प्रांतात मात्र गाडी पुढे सरकली.

विरोधकांचे मुद्दे वाचताना हसू येतं, कारण ते आजच्या एखाद्या एचआर मीटिंगमध्ये जसेच्या तसे ऐकायला मिळतील. फक्त आपल्याच प्रांतात हा खर्च लादला तर आपले कारखाने स्पर्धेत मागे पडतील. फक्त कारखान्यातल्या बायकांनाच का, शेतात राबणाऱ्यांना का नाही? आणि मुख्य म्हणजे मालकाने का द्यायचं?

आंबेडकरांनी शेवटच्या प्रश्नाला जे उत्तर दिलं ते मला फार आवडलं, कारण त्यात भावनेला हात न घालता सरळ हिशेब मांडलाय. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी आधीच मान्य केलं. पण मग म्हणाले, मालकही सुटत नाही. तो बायकांना कामावर ठेवतो ते उपकार म्हणून नाही, पुरुषांऐवजी बाई ठेवण्यात त्याला जास्त फायदा दिसतो म्हणून. जो खास फायदा घेतो त्याने खर्चाचा काही वाटा घ्यावा. बस. वकिली युक्तिवाद असावा तर असा.

कायदा 1929 मध्ये झाला. दर किती? दिवसाला आठ आणे. म्हणजे बाईला आराम मिळावा हे तत्त्व मान्य झालं, पण तिचं काम तेवढ्याच किमतीचं आहे का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ठोक रक्कम लिहून टाकली.

पुढे काय झालं हेही बघायला हवं, नाहीतर इतिहास फार गोड होतो. नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. बायका मुख्यतः वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत असायच्या. त्यांना कमी का केलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी रात्रपाळीच्या बंदीला दोष देतं, कुणी तिशीतल्या मंदीतल्या 'काटकसरी'ला, कुणी नव्या यंत्रांना, कुणी याच कायद्याला. मला वाटतं सगळंच थोडं थोडं खरं असावं. पण एक गोष्ट उघड आहे, खर्च एकट्या मालकाच्या खिशातून काढला की मालक पळवाट शोधतो. सरकारने वाटा उचलावा हे आंबेडकरांचं म्हणणं म्हणूनच महत्त्वाचं होतं. 1948 च्या कामगार राज्य विम्याच्या कायद्याने त्यातला काही भाग खरा केला. तिथे बाळंतपणाचे पैसे सामायिक वर्गणीच्या निधीतून येतात, त्या एका मालकाच्या तिजोरीतून नाही. पण ती सोय एका पगारमर्यादेच्या खालच्यांसाठी. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी पूर्ण सहा महिने कंपनीच भरते, आणि मग मनातल्या मनात ते वसूल करायला बघते.

आता वकीलबाईंकडे परत येऊ.

1961 साली संसदेने दोन कायदे केले. एक मातृत्व लाभाचा. त्यात आठ आणे गेले आणि रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजच्या वेतनाइतके पैसे आले, म्हणजे बाईच्या कामाची किंमत हिशेबात धरली गेली. कलम 12 मध्ये असंही होतं की या रजेच्या काळात किंवा रजेमुळे तिला काढता येणार नाही, आणि तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. रजा आधी 12 आठवडे होती, 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 झाली. (तो कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू आहे, आणि या तरतुदी जवळपास तशाच आहेत.)

त्याच 1961 मधला दुसरा कायदा म्हणजे अॅडव्होकेट्स अॅक्ट. त्याखाली बार कौन्सिलने जे नियम केले त्यात एक आहे क्रमांक 49 चा. वकिली चालू ठेवायची असेल तर वकिलाने कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर व्हायचं नाही. झालात, तर बार कौन्सिलला कळवा आणि प्रॅक्टिस थांबवा. मूळ कल्पना चांगली आहे, वकील हा अशिलाचा आणि कोर्टाचा, मालकाचा नाही. पण याचा परिणाम असा की कंपनीच्या लीगल खात्यात नोकरी करणाऱ्या बाईला मातृत्व रजेचा कायदा सरळ लागू होतो (तिची सनद थांबलेली असते), आणि लॉ फर्ममध्ये सकाळी दहा ते रात्री नऊ बसणारी, वरिष्ठांना विचारल्याशिवाय सुट्टी न घेऊ शकणारी बाई कागदावर 'पगारी' नाहीच. तिला दरमहा रिटेनर मिळतो, टीडीएससुद्धा पगाराचा नाही, व्यावसायिक शुल्काचा कापतात. माझी ताई या दुसऱ्या प्रकारातली. तिच्या फर्मने दोन महिन्यांचे पैसे दिले, वर 'आम्हाला कायद्याने काही बंधन नाही बरं का' हेही ऐकवलं. म्हणजे दुसऱ्यांच्या मातृत्व लाभाच्या केसेस लढणारी व्यक्ती स्वतः त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर.

हे मी कन्हेरीला घरी सांगत होतो (बाहेरच्यांना आमची कन्हेरी म्हटलं की मारुतीचं देऊळ आणि निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ एवढंच आठवतं), तर काकू पटकन म्हणाली, "मग आपल्या फडातल्या बायकांसारखंच झालं की." मला आधी कळलं नाही. मग लख्ख कळलं. बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात दर हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. या जोडीला 'कोयता' म्हणतात, माणूस म्हणतच नाहीत. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे उलट कापले जातात. पाळी, गरोदरपण, बाळंतपण, सगळं खाड्यातच. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य सरकारच्या समितीला चौकशी करावी लागली, ती या व्यवस्थेतूनच. कारखाना म्हणतो आमचा करार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी नुसती उचल दिली. नोकर कुणाचीच नाही.

ताईचं आणि त्या बाईचं दुःख एका मापाचं नाही, हे मला नीट माहीत आहे. ताईकडे पदवी आहे, बचत आहे, डोक्यावर छप्पर आहे. पण युक्ती तीच आहे: कामावर हुकूम पूर्ण चालवायचा, आणि पैसे द्यायची वेळ आली की 'ही आमची नोकर नाही' म्हणायचं. 1928 मध्ये विरोधकांनी विचारलं होतं की शेतातल्या बायकांचं काय. त्यांनी ते विधेयक पाडायला विचारलं होतं, पण प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे.

आता मूळ प्रश्न, वाढ न देणं न्याय्य का? इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, तेव्हा थोडं गणित सहन करा. समजा बाईंना महिना 80,000 मिळतात आणि बाकीच्यांना 10 टक्के वाढ मिळाली. यांची एक वाढ चुकली. पुढे दरवर्षी सगळ्यांना सारखी 10 टक्के धरा. पहिल्या वर्षी फरक महिना 8,000, म्हणजे वर्षाला 96,000. पण पुढची प्रत्येक वाढ त्या कमी आकड्यावर बसते, त्यामुळे फरकही दरवर्षी 10 टक्क्यांनी फुगतो. दहा वर्षांत एकूण तोटा जवळपास 15 लाख 30 हजार. आणि सहा महिन्यांचा पूर्ण पगार किती? 4 लाख 80 हजार. म्हणजे फर्मने सहा महिने एक पैसा दिला नसता पण वाढ दिली असती, तरी त्या बाई फायद्यात राहिल्या असत्या! रजेचे पैसे दिले म्हणून मिरवायचं, आणि एका न दिलेल्या वाढीतून ते दहा वर्षांत तिप्पट परत घ्यायचे, असा हा प्रकार.

बोनसचं मला वेगळं वाटतं. बिल केलेल्या तासांवर बोनस असेल तर सहा महिन्यांच्या तासांचा अर्धा मिळणं मी समजू शकतो, पण मग टार्गेटही अर्धं धरा. वर्षभराचं टार्गेट आणि सहा महिन्यांचे तास अशी तुलना करणं म्हणजे चीटिंग. मूळ आकडा मात्र गेल्या वर्षीच्या हजेरीचा नसतोच. तो या माणसाला आज बाजारात किती किंमत आहे याचा असतो. सहा महिन्यांत ताईचं कायद्याचं ज्ञान उडून गेलं नाही.

सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये कोइमतूरच्या लेबर कोर्टातून आलेल्या एका प्रकरणात असंच काहीसं म्हटलं होतं. मळ्यावरच्या एका कामगार बाईच्या बारा आठवड्यांत रविवार धरायचे की नाही, एवढाच वाद. कोर्टाने रविवार धरले, आणि कारण दिलं की हे पैसे नुसतं पोट भरायला नाहीत, बाईची झीज भरून निघावी आणि तिची आधीची कार्यक्षमता टिकावी म्हणूनही आहेत. म्हणजे परत आलेली बाई आधीइतकीच कामाची आहे हे कायदा गृहीत धरतो. फेब्रुवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या दोन महिला न्यायाधीशांना सुप्रीम कोर्टाने पुन्हा कामावर घ्यायला लावलं. त्यातल्या एकीचा गर्भपात झाला होता आणि तरीही तिच्या त्या काळातल्या कामाची मोजणी नेहमीच्या पट्टीने केली गेली होती. न्या. नागरत्ना यांनी त्यावर चांगलंच सुनावलं. न्यायाधीशांची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोला.

ताईने हे सगळं गणित एका पानावर मांडून वरिष्ठांना दिलं. रजेचे राहिलेले चार महिने तिने मागितलेच नाहीत, फक्त चुकलेली वाढ मागितली, तीही परत आल्याच्या तारखेपासून. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: वाढ एप्रिलपासून देऊ, मागची थकबाकी नाही. तिने सही केली. थकबाकीचा आकडा तेवढा डायरीत लिहून ठेवलाय.