बहुमितीय अ‍ॅरे : सी भाषेत फंक्शनकडे पाठवणे

सी भाषेत द्विमितीय वा त्याहून अधिक मितींचा अ‍ॅरे फंक्शनला देताना त्याची प्रत जात नाही. पहिल्या ओळीचा पत्ता जातो. म्हणून फंक्शनने केलेला बदल मूळ अ‍ॅरेतच होतो.

मेमरीत ओळी एकामागोमाग मांडलेल्या असतात. ३ ओळी व ४ स्तंभांच्या अ‍ॅरेत [२][१] हा घटक शोधताना कंपायलर २×४+१, म्हणजे ९ घटक ओलांडतो. या हिशेबात स्तंभसंख्या लागते, ओळींची संख्या लागत नाही. त्यामुळे पॅरामीटरमध्ये पहिला कंस रिकामा चालतो, पुढचे चालत नाहीत. पॉइंटरचा पॉइंटर घेणाऱ्या फंक्शनला असा अ‍ॅरे देणे ही नवशिक्यांची हमखास चूक. दोन्हींची मेमरीतील रचनाच वेगळी आहे. फंक्शनच्या आत साइझऑफ लावल्यास अ‍ॅरेचे नव्हे, पॉइंटरचे माप मिळते.

१९९९ च्या प्रमाणकाने स्तंभसंख्या चल म्हणून देण्याची सोय केली. मात्र ती संख्या पॅरामीटरच्या यादीत अ‍ॅरेच्या आधी यावी लागते. ही सोय फार कमी शिकवली जाते, हे खेदाचेच.

दुसऱ्या भाषेतील अ‍ॅरे सी फंक्शनला देताना मेमरीतील मांडणीही पाहावी लागते. उदाहरणार्थ, पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत वापरली जाणारी हवामान प्रारूपे मुख्यतः फोरट्रान या भाषेत आहेत. फोरट्रान स्तंभ सलग ठेवते, सी ओळी. म्हणून फोरट्रानचा अ‍ॅरे सी फंक्शनला दिल्यास निर्देशांकांचा क्रम उलटा घ्यावा लागतो.