ऑस्ट्रेलियातील तरुण स्त्रिया आणि जुगार
ऑस्ट्रेलियात जुगार हा दीर्घकाळ पुरुषी छंद मानला गेला. त्यामुळे त्यावरील संशोधन आणि प्रतिबंधक मोहिमाही मुख्यतः पुरुषांना समोर ठेवून आखल्या गेल्या. कायद्याने १८ वर्षांवरील व्यक्तीस जुगार खेळता येतो.

अनेक तरुणींची पहिली पैज मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीवर लागते. ती नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी होते आणि मेलबर्नमध्ये त्या दिवशी सुट्टी असते. १९६२ पासून तेथे वेशभूषेची स्पर्धाही भरते. कार्यालयांत चिठ्ठ्या काढून घोडे वाटून घेतले जातात. याला जुगार म्हणावे असे फारसे कोणास वाटत नाही. पुढे मैत्रिणींची संगत, जोडीदारासोबत लावलेली सामाईक पैज, कंटाळा, ताण आणि अर्थातच पैसे जिंकण्याची आशा ही कारणे दिसतात.

धोक्याचे मोजमाप मात्र तुलनेने होते. ‘पोकीज’ नावाची जुगारयंत्रे, जी न्यू साउथ वेल्समधील क्लबांत १९५६ मध्ये कायदेशीर झाली, बहुतेकींना घातक वाटतात. वर्षातून एकदा लावलेली पैज निरुपद्रवी वाटते. नुकसान झाल्यास दोष खेळणारीच्या संयमाला दिला जातो, यंत्राच्या वा ॲपच्या रचनेला क्वचितच. लाजेमुळे मदत मागणे लांबते. मोबाइलवरील पैज तर घरच्यांनाही दिसत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये ऑनलाइन पैजेपासून स्वतःला वगळून घेण्याची ‘बेटस्टॉप’ ही राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. जून २०२४ पासून अशा पैजांसाठी क्रेडिट कार्ड वापरण्यास बंदी आहे. पोकीजना या दोन्ही तरतुदी लागू नाहीत.