झाड दिवस मोजतं की रात्र?

मंडळी, आजची गोष्ट तंबाखूच्या एका हट्टी रोपापासून सुरू होते. १९०६ साली अमेरिकेत, मेरीलँडच्या शेतात काही रोपं नुसती वाढतच सुटली. पानंच पानं, फुलाचा पत्ता नाही. तंबाखूवाल्याला पानंच हवीत, म्हणजे हे घबाडच! पण फूल नाही तर बी कुठून? थंडी पडली की रोप मरायचं. या वाणाला नाव पडलं 'मेरीलँड मॅमथ'. गंमत अशी, की हेच रोप हिवाळ्यात काचगृहात ठेवलं की मुकाट्यानं फुलायचं.

वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेती-केंद्रात वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलर्ड यांनी याचा पिच्छा पुरवला. त्यांच्यासमोर दुसरंही कोडं होतं. सोयाबीनचा 'बिलॉक्सी' वाण मे महिन्यात पेरा नाहीतर जुलैत, फुलणार सगळा सप्टेंबरच्या आसपासच. म्हणजे वयाचा प्रश्न नव्हता. तापमान, ओल, खत, सगळं तपासून झालं. उरली एकच गोष्ट, दिवसाची लांबी.

मग जुलै १९१८मध्ये त्यांनी काय केलं? हवा खेळेल पण उजेड येणार नाही, असं एक लहानसं खोपटं उभारलं. कुंड्या दुपारी चारला आत, सकाळी नऊला बाहेर. भर उन्हाळ्यात रोपांना उजेड मिळाला सातच तास. आणि मॅमथ फुलला! बाहेरची रोपं मात्र तशीच वाढत राहिली. १९२०मध्ये निबंध छापला गेला, 'फोटोपिरिऑडिझम' हा शब्द आला, आणि लघुदिन वनस्पती, दीर्घदिन वनस्पती अशी विभागणी रूढ झाली.

इथं जरा मागे जाऊ. याआधीच पॅरिसमध्ये ज्युलियँ तुर्न्वा हे संशोधक भांग आणि हॉपची वेल यांवर काम करत होते. उजेडाचे तास कमी केले की ही रोपं लवकर फुलतात, हे त्यांनी पाहिलं होतं. शिवाय त्यांनी असंही लिहिलं, की कारण दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबण्यात असावं. लगेच महायुद्ध पेटलं आणि १९१४मध्येच ते मारले गेले. काम तिथंच थांबलं.

गार्नर-अ‍ॅलर्डना मी दोष देणार नाही. दिवस आखूड केला की रात्र आपोआप लांबते. त्या खोपट्यात दोन्ही वेगळं करणं शक्यच नव्हतं. ते केलं १९३८मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी. प्रयोगाला घेतलं शंकेश्वर, ओसाड जागी उगवणारं, काटेरी फळं कपड्यांना चिकटवणारं तण. याला साधारण साडेआठ तासांहून मोठी, सलग रात्र लागते. मध्यरात्री काही मिनिटं दिवा लावला, की फुलणं बंद. उलट दिवसा थोडा वेळ अंधार केला, तर त्याला काही फरक पडत नाही.

म्हणजे तुर्न्वांचा अंदाज बरोबर होता. नाव मात्र आजही 'लघुदिन'च! परीक्षेतही तेच लिहावं लागतं.

पुण्याच्या बाजूला शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावलेले दिसतात. शेवंतीही याच गटातली. दांडा पुरेसा उंच होईपर्यंत कळी धरू नये, म्हणून हे दिवे. दिवस वाढवायला लावलेत असं आपण म्हणतो. खरं तर ते रात्र मोडत असतात.