ऐकणाऱ्यांची बैठक

१९५६ साली पुणे आकाशवाणीनं जो प्रयोग केला, तो आजच्या पॉडकास्ट करणाऱ्या पोरांनी समजून घ्यावा, असं मी पुतण्याला नेहमी सांगतो. तो आमच्या गावी, परतूर तालुक्यातल्या आष्टीत राहून मोबाइलवर शेतकऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करतो. कोणी तुरीवरच्या मर रोगाबद्दल बोलतं, कोणी ठिबकबद्दल. "काका, ऐकणारे आहेत, पण ऐकून पुढं काय करतात ते कळत नाही," असं तो म्हणतो. पुण्याच्या प्रयोगात नेमकं हेच पाहिलं होतं.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तो चालला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम झाले. गावोगाव बारा ते वीस माणसांचं मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा सुरू करायची. काय ठरलं, काय पटलं नाही, कुठं अडलं, ते चिटणीसानं लिहून पुण्याला कळवायचं. त्यातल्या प्रश्नांची उत्तरं पुढं रेडिओवरूनच मिळत. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची, मदत युनेस्कोची. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी तपासणी केली, तेव्हा मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढलेली दिसली. रेडिओ असून मंडळ नव्हतं, तिथं मात्र फारसा फरक पडला नव्हता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. यंत्र दोन्हीकडं तेच होतं. फरक पडला तो सोबत बसून बोलणाऱ्या माणसांमुळं.

आष्टी त्या दीडशे गावांत असणं शक्यच नव्हतं. प्रयोग तेव्हाच्या मुंबई राज्यात झाला आणि त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो. निजामाच्या काळातलं डेक्कन रेडिओचं औरंगाबाद केंद्र १९५० साली आकाशवाणीकडं आलं होतं, पण तेव्हा गावात रेडिओ होतेच किती! पुढं ट्रान्झिस्टर आले आणि आमचे कान परभणीला लागले. आमचा परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. जिल्हा कचेरी तिकडं, १९७२ पासून कृषी विद्यापीठ तिकडं, आकाशवाणी केंद्रही तिकडंच.

आमच्या ओसरीवर संध्याकाळी शेजारचे चार-पाच जण यायचे. शेतीचा कार्यक्रम संपला की खरी बैठक सुरू व्हायची. "हे आपल्या काळीत चालायचं नाही," असं एकजण म्हणायचा, दुसरा त्याला अडवायचा. वडील फार बोलत नसत, पण ऐकलेलं शेतातल्या पिकाच्या एका ओळीत करून मात्र बघत. आई दाराआडून ऐकायची. घरातलं बियाणं राखेत घोळून मडक्यात जपायची ती. कोणतं उगवेल, कोणतं नाही, हे तिला ठाऊक. तरी त्या बैठकीत तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. ती उणीव मला आजही खटकते.

ऐकणाऱ्यानं उलट विचारायचं, ही रीत आमच्या भागात रेडिओच्या कितीतरी आधीची. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नानं होते आणि पुढंही श्रोता मध्येमध्ये शंका काढत राहतो. चातुर्मासात देवळात पोथी लागायची, तेव्हा एकजण ओवी वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. अर्थ पटला नाही तर समोरचा म्हातारा हात वर करायचा आणि पोथी तिथंच थांबायची.

जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं ही रीत शेतीत टिकवली. दर महिन्याच्या पाच तारखेला तिथं शेतकऱ्यांचं चर्चासत्र भरतं. तज्ज्ञ बोलतात आणि शेतकरी आपला अनुभव मांडतात. आणि आईच्या बाबतीत आमच्याकडं जे झालं नाही, ते आमच्याच जुन्या राज्यातल्या, आताच्या तेलंगणातल्या माचनूरला झालं. २००८ साली तिथं संघम रेडिओ सुरू झाला. दलित शेतकरी बायका तो चालवतात आणि बियाणं, कडधान्यं, औषधी पाला यांवर स्वतः बोलतात.

पुतण्याला मी दोनच गोष्टी सुचवल्या आहेत. मुलाखत गावात दहा-बाराजण बसवून एकत्र ऐकवायची, त्यात बायकाही हव्यात, आणि त्यांचे प्रश्न पुढच्या भागात त्यांच्याच आवाजात घ्यायचे. मराठीत पॉडकास्ट करणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे: तुमच्या गावात अशी एक तरी बैठक भरवा, आणि तिथं निघालेले प्रश्न एकमेकांना कळवत राहा. आष्टीच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित भोकरदनच्या शेतकऱ्याकडं असेल.