दोन सह्यांचा राजवाडा

सातारा म्हटले की अजिंक्यतारा डोळ्यांपुढे उभा राहतो. पाहुणा किल्ल्यावर जातो, मंगळाईचे दर्शन घेतो, परतताना कंदी पेढे बांधून घेतो आणि सातारा पाहिला असे समजतो. पण जुना सातारा खरा भेटतो तो किल्ल्याच्या पायथ्याशी, पेठांमधून.

मोगलांच्या कैदेतून १७०७ साली सुटलेल्या शाहू महाराजांनी १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला. पुढे त्यांनी गडाखाली वस्ती वसवली, तीच शाहूनगरी. युरोपच्या उत्तरेस टालिन नावाचे जुने शहर आहे. तेथे उमराव टेकडीवर राहत आणि व्यापारी खालच्या गावात. आमच्या शाहूनगरीत मात्र राजाच खाली उतरला आणि वाणीउदमी, कारागिरांच्या शेजाराला राहिला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार अशा वारांच्या पेठा, मध्येच चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ पेठ. मोती चौकातून चालत गेले की पुढे राजवाडा लागतो.

या राजवाड्याचे दोन भाग, जुना आणि नवा. जुना प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवले. हा राजा नामधारी राहायला तयार नव्हता. शाळा, रस्ते, पाणी यांत त्याने जातीने लक्ष घातले. पुढे त्याच्यावर कारस्थानाचा आळ आला. मुंबईच्या गव्हर्नराने सांगितले, आरोप कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षे झगडून रिकाम्या हातांनी परतले. इकडे गादीवर बसवलेले धाकटे बंधू आप्पासाहेब यांनी नवा राजवाडा बांधला. पण १८४८ साली तेही वारले आणि राज्य खालसा झाले.

राज्य गेले, वाडा उरला. जुन्या राजवाड्यात इंग्रजी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. ज्या वाड्यात त्याच्या जातीच्या माणसाला पूर्वी पाऊल टाकता आले नसते, तेथे तो अक्षरे गिरवायला आला. वर्गातही त्याला वेगळे बसावे लागे, ही गोष्ट विसरता कामा नये. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याची बालपणीची सही आहे. आज शाळेला प्रतापसिंहांचेच नाव आहे, आणि महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

एकाने सही नाकारून राज्य गमावले आणि मान राखला. दुसऱ्याने सही करून विद्येच्या दारात पाऊल ठेवले आणि पुढे साऱ्या देशाच्या राज्यघटनेला आकार दिला. दोघांचेही वैभव दगडविटांत नव्हते. वाडे पडतात, लाकडे वाळवी खाते. पण कोणत्या कागदावर सही करायची आणि कोणत्या कागदावर नाही, हे ज्या वास्तूने दोनदा पाहिले, ती मोडकळीस येऊ देणे साताऱ्याला परवडणारे नाही.

दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन साताऱ्यास जाल, तेव्हा किल्ल्यावर अवश्य जा. पण उतरल्यावर या वाड्यापुढे थोडे थांबा, आणि मुलांना या दोन सह्यांची हकीकत सांगा.